शिडाचं पोट

निगडी, प्राधिकरण
रविवार, १५ सप्टेंबर २०२४

भाऊजी,

साष्टांग नमस्कार घालावा इतके तुम्ही मोठे नाही, आणि आशीर्वाद द्यावा इतकी मी म्हातारी झाले हे मला मान्य नाही. तेव्हा मायन्याची जागा रिकामी सोडते. तुम्ही दहावीत होतात तेव्हा मी या घरात आले, आणि सासूबाईंच्या दंडकाप्रमाणे मिसरूडही न फुटलेल्या मुलाला 'अहो भाऊजी' म्हणू लागले. तेव्हापासून ते सुटलेलं नाही. तुम्हाला संस्कृतात काठावर पास करवलं ते मात्र दंडकात नव्हतं, ते निव्वळ माझं कर्तृत्व.

ई-मेल असली तरी हे पत्र समजा. फोनवर बोलण्यासारखं नाही, कारण फोन हॉलमध्ये होतो आणि हॉलला कान आहेत. तुम्हाला माहीतच आहे, दर रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल लागला की बाबा उठतात आणि झाडांना पाणी घालायला जातात. आठ वर्षांत आमच्या बागेला जो बहर आलाय त्याचं श्रेय थेट न्यूझीलंडला जातं. शेजारचे विचारतात, खत कोणतं वापरता.

आता बातमी. गेल्या महिन्यात बाबा चाकणला एक जुना लेथ बघायला गेले होते. कुठलीशी कंपनी शेड रिकामी करत होती. लेथ त्यांना पसंत पडला नाही. येताना बोट घेऊन आले.

होडी म्हणाल तर तशी नाही. वीसेक फूट लांब, तळाला जड पातं, आत दोन माणसांना आडवं होता येईल अशी बाकं, एक बुटकं दार, आडवी ठेवलेली डोलकाठी आणि पिशवीत कोंबलेलं शीड. कंपनीचा कोणी परदेशी साहेब हौसेने घेऊन आला होता आणि बदली झाल्यावर ताडपत्रीखाली सोडून गेला. बाबांना विचारलं, हे काय? म्हणाले, मशिन चांगल्या कंडिशनमध्ये होतं. सासूबाईंनी ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, "आन् ह्ये कुठं मांडायचं? दिवानखान्यात?"

मांडलं कासारवाडीला, रहिमानभाईंच्या आवारात. तुम्ही गेल्यानंतरची ही ओळख, म्हणून सांगते: रहिमानभाई ट्रकचे हूड आणि ताडपत्र्या शिवतात. बाबा निवृत्त झाल्यापासून दुपारचा चहा तिथेच पितात. दोघांचं जमतं कारण दोघांनाही सैल काही खपत नाही.

आता तुम्ही विचाराल, बाबांना बोट कशाला. ते मीही विचारलं नाही, आणि ते सांगणारही नाहीत. एवढं खरं की त्यांच्याच कंपनीच्या टूलरूममधल्या तुमच्या नोकरीसाठी त्यांनी साहेबांना शब्द दिला होता. तुम्ही सुट्टीला म्हणून गोव्याला गेलात, बोटींच्या दोरखंडांच्या कामाला लागलात आणि तिकडूनच पार निघून गेलात. आणि बाबा त्यानंतर निवृत्तीपर्यंत रोज त्याच गेटातून आत जात राहिले. 'दोऱ्या ओढायला गेला' हे त्यांचं वाक्य तुम्हाला कोणी पोचवलं असेल तर ती मी नव्हे. पण तोच माणूस पासष्टी ओलांडल्यावर दोऱ्या ओढायला बसलाय, याची नोंद घ्यावी.

गंमत इथवरच. चाकण रस्त्यावर सोपानराव म्हणून एकांचं गार्डन रेस्टॉरंट आहे. त्यांना ही बोट दारात ठेवायची आहे, आत टेबल टाकून, फॅमिलीसाठी. बाबांनी त्यांना शब्द दिलाय: पवना धरणाच्या या काठावरून समोर तुंग किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत आणि परत, इंजिनाशिवाय, नुसत्या वाऱ्यावर, डिसेंबरअखेरपर्यंत बोट गेली नाही तर घेऊन जा. बाबांचा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. मला भीती बोटीची नाही. ती चालली नाही तर बाबा मनाशी पक्कं करतील की हे कामच फुसकं आहे, आणि मग तुमची आठ वर्षंही त्या मिसळीच्या टेबलाखाली जातील. त्यानंतर कोणी काही बोलायचं उरणार नाही.

मी नुसती बातमी कळवतेय. शिडाला संस्कृतात 'मरुत्पट' म्हणतात यापलीकडे मला त्यातलं काही कळत नाही. पण कोणी सांगितलंच, तर मी ऐकते बरं.

तुमची,
निशिगंधावहिनी

निगडी
६ ऑक्टोबर

भाऊजी,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं, आणि सोबत फोटो. फोटोत शिडापेक्षा रहिमानभाई जास्त आलेत, पण तो त्यांचा आग्रह होता.

पंधरवड्यापूर्वी ट्रेलरवरच डोलकाठी उभी केली आणि आवारात शीड चढवलं. बाबांनी स्वतः दोरी ओढली, कोणाला हात लावू दिला नाही. रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून विचारायला लागले, कोणत्या पक्षाचं हाय राव? निवडणूक तोंडावर आहे, आणि एवढं पांढरं कापड एवढ्या उंच चढलं की लोक आधी हात जोडतात, मग विचारतात.

शीड चढलं तेव्हा त्याला मधोमध पोट होतं. बाबांनी रहिमानभाईंकडे पाहिलं, रहिमानभाईंनी बाबांकडे. दोघांनी मान हलवली. कापड ताणून ढिलं पडलंय, असा निकाल उभ्या उभ्या लागला. रहिमानभाई म्हणाले, "भाभी, अख्खी जिंदगी ताडपत्री शिवली. झोळ राहिला की पाणी साठतं, पाणी साठलं की माल भिजतो. माझ्या हाताखालून झोळवालं कापड गेलेलं नाही." आठवडाभर शीड त्यांच्या मशिनवर होतं. चुण्या घालून, टिपा मारून त्यांनी ते असं सपाट केलं की टिचकी मारली तर ताशासारखं वाजावं. भाऊजी, चेष्टा बाजूला ठेवून सांगते, ती शिवण पाहून मी थक्क झाले. पाणिनीची सूत्रं जितकी नेटकी बसतात तितकी नेटकी ती टीप बसली होती. बाबा त्यावरून हात फिरवत म्हणाले, "याला म्हणतात फिनिश."

गांधीजयंतीला बोट पाण्यात घातली. धरणाच्या काठी बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याची जागा आहे, परवानग्या त्यांनीच काढून दिल्या. सगळ्या दोऱ्या पक्क्या ताणल्या, शीड चढलं, खालच्या आडव्या काठीवर कडक बसलं. वारा चांगला होता, झाडं हलत होती. बोट मात्र खेकड्यासारखी आडवी सरकत पुन्हा काठाला लागली. दुसऱ्या वेळीही तेच. येताना गाडीत बाबांनी फक्त विचारलं की डिसेंबरात पाणी किती खाली जातं.

सोपानराव काठावर होते. बोटीची लांबी पावलांनी मोजत होते.

निशिगंधा

निगडी
२० ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा समजण्यासाठी, दुसऱ्यांदा लाजेखातर, आणि तिसऱ्यांदा निव्वळ कौतुकाने. दहावीत ज्या मुलाला 'गज' शब्दही धड चालवता येत नव्हता, तो एका धूसर फोटोवरून सांगतो की शिडाचं पोट हा त्याचा दोष नसतो, तोच त्याचा जीव असतो. शिवणाऱ्याने ते मुद्दाम ठेवलेलं असतं, त्या फुगवट्यावरून वारा घसरतो आणि त्यानेच बोट ओढली जाते. चुण्या उसवा. आडव्या काठीवरची दोरी सैल सोडा. शिडाच्या मागच्या कडेला हलक्या फिती लावा. त्या सरळ मागे उडाल्या तर ठीक, कडेमागे वळून लपल्या तर शीड आवळलं गेलंय, दोरी थोडी सोडा. इतकं सोपं. आणि इतकं अशक्य.

अशक्य कारण हे सांगायचं कोणाला? बाबांना तुमचं नाव घेऊन सांगितलं तर ते बागेत जातील. मीच सांगतेय असं म्हटलं तर ते विचारतील, तू कधी बोट चालवलीस? शेवटी मी माझ्या धंद्याचा आधार घेतला. या कारखान्यांच्या पट्ट्यात संस्कृतची शिक्षिका म्हणजे गुणांची व्हेंडर. मुलं मार्कांसाठी घेतात, मार्क मिळाले की संबंध संपतो. पण बाबांच्या मनात पोथीला अजून मान आहे. कंपनीत ड्रॉइंगला होता तसा.

तेव्हा मी त्यांना सांगितलं की माझ्या एका मैत्रिणीकडे 'वातपटविवेक' नावाच्या जुन्या ग्रंथाची नक्कल आहे, नौकांवरचा ग्रंथ आहे, कर्ता अज्ञात. असा ग्रंथ नाही हे तुम्हाला सांगायला नको. श्लोक मी भाजी निवडताना रचला:

नातिगाढं न शिथिलं बध्नीयान्नाविकः पटम्।
उदरे लम्बमानेऽस्य वायुर्वसति मित्रवत्॥

अर्थ तुम्हाला लागणार नाही, म्हणून देते. नावाड्याने कापड फार घट्ट बांधू नये, सैलही बांधू नये. त्याच्या सुटलेल्या पोटात वारा मित्रासारखा राहतो. दुसऱ्या ओळीवर मी स्वतःच खूश आहे. तुमचा मजकूर आणि माझं वृत्त.

बाबांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि फोरमनच्या आवाजात विचारलं, "अति म्हणजे किती?"

मी म्हटलं, ग्रंथात आकडा नाही.

"टॉलरन्स दिल्याशिवाय स्पेसिफिकेशन कसलं?" पण ते उठले आणि कासारवाडीला गेले. मीही गेले मागोमाग, कारण खरी परीक्षा तिथे होती. ज्या माणसाने आठवडा खपून ती टीप घातली, त्याला उसवायला कोणी सांगायचं? बाबांनी कागद रहिमानभाईंना वाचून दाखवला, अर्थासकट. रहिमानभाईंनी स्वतःच्या टिपेवरून अंगठा फिरवला. मग ब्लेड घेतलं.

"ताडपत्रीनं वारा बाहेर ठेवायचा असतो, भाभी," ते म्हणाले. "याला वारा आत पाहिजे. आधी सांगायचं ना."

उसवताना एक धागा कापडात राहिला नाही. सुईच्या भोकांवर त्यांनी पातळ पट्टी चढवली. फितींसाठी सासूबाईंनी जुन्या पैठणीच्या काठाचा रेशमी धागा दिला, तुम्ही म्हणालात तसा हलका. 'कशाला पायजे' हे त्यांनी विचारलं नाही. त्या बऱ्याचदा विचारत नाहीत, आणि मला वाटतं त्यांना सगळंच माहीत असतं.

निशिगंधा

निगडी
१० नोव्हेंबर

भाऊजी,

बोट चालली. आधी हे लिहिते, बाकीचं नंतर.

भाऊबीज झाल्यावर आम्ही गेलो होतो. शीड पोट काढून उभं राहिलं, रेशमी धागे मागे उडाले, आणि ती जड वस्तू पाण्यावरून अशी सरकली जणू कोणी तिला हळूच बोलावलं असावं. बाबा सुकाणूला होते. त्यांच्या चेहऱ्याबद्दल मी लिहिणार नाही. तुम्ही बघितला नाहीत, तेव्हा त्यावर तुमचा हक्क नाही.

पण धरणाच्या मध्यापर्यंत गेल्यावर वेग मंदावत गेला. शिडावर तिरक्या सुरकुत्या पडल्या. वळून आलो तर आणखी मंद. शेवटी वल्ही मारत काठ गाठला. काय बिघडलं ते कोणालाच कळलं नाही. बाबांनी सगळं तपासलं, एकही तार ढिली नव्हती. त्यांनी तर वाटेत मुद्दाम आवळल्याही होत्या. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ज्या तारा आहेत ना, त्यातली वाऱ्याच्या पाठीकडची, म्हणजे वारा येतो त्याच्या उलट बाजूची, ढिली पडली म्हणून त्यांनी टर्नबकलचा स्क्रू फिरवून कसली. बोट वळली की दुसरी ढिली पडली, तीही कसली. ढिला नट दिसला आणि बाबा पुढे गेले असं आजवर झालेलं नाही.

तुमच्या करमणुकीसाठी एक किस्सा. सासूबाई आत बसल्या होत्या, थर्मास घेऊन. काठाला लागल्यावर त्यांनी बाहेर यायला दार ढकललं तर दार हलेना. सकाळी ते बोटाने उघडत होतं. तुमच्या दादांनी ओढलं, बाबांनी खांदा लावला, काही उपयोग नाही. आतून आवाज, "आरं उघडा की. मी काय आता हितंच नांदू?" शेवटी रहिमानभाईंनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दारच बाहेर घेतलं. सासूबाई थर्माससकट बाहेर आल्या आणि म्हणाल्या, च्या गार झाला. बाबांचं म्हणणं, लाकूड पाण्याने फुगलं. उद्या रंधा मारून दार बारीक करणार आहेत.

सोपानराव परवा घरी येऊन गेले. नुकतीच दिवे लावायला सुरुवात केली म्हणतात, दारात. फक्त बोटीची जागा मोकळी आहे.

निशिगंधा

निगडी
१ डिसेंबर

भाऊजी,

तुमचं उत्तर इतक्या लगेच आलं की तुमच्याकडे रात्र असणार हे मला नंतर सुचलं. एकाच ओळीचं होतं: 'वहिनी, दाराला रंधा मारू देऊ नका, दार शहाणं आहे.' मी पुरणाचं पातेलं गॅसवर सोडून बाबांच्या वर्कशॉपमध्ये धावले. रंधा हातात होता. मी म्हटलं, बाबा, थांबा, ग्रंथात दाराबद्दल आहे.

"ग्रंथात दाराबद्दल आहे?"

मी म्हटलं, अख्खा अध्याय आहे. सवड मिळाली की वाचून सांगते.

मग तुमचं मोठं पत्र आलं आणि मला खरंच मोठ्याने हसू आलं. मी करमणूक म्हणून जो किस्सा लिहिला, त्यातच तुम्ही सगळा रोग वाचलात. दोन्ही बाजूंच्या तारा कसत गेल्यामुळे डोलकाठी खाली रेटली गेली, तिच्या दाबाने बोटीचं अंग वाकलं, दाराची चौकट दबली, आणि वर तीच डोलकाठी वाकल्यामुळे शिडाचं पोट गेलं आणि तिरक्या सुरकुत्या आल्या. वाऱ्याच्या पाठीकडची तार थोडी ढिली पडतेच, आणि पडावीच. तिला कसायचं नसतं. हजारो मैलांवर बसून एका अडकलेल्या दारावरून हे ओळखणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात माहीत आहे? बाबांच्या कंपनीत त्याला 'मशिनचा डॉक्टर' म्हणायचे, आणि डिपार्टमेंटमध्ये तसा एकच होता. कोण, ते तुम्हाला सांगायला नको. नुसता आवाज ऐकून कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगायचे.

तर दाराचा अध्याय मी रचला. त्यात तारेची ढिलाई अंगुलात दिली, कारण मागच्या वेळी टॉलरन्सवरून माझी लाज गेली होती. बाबा म्हणाले, "अंगुल कोणाचं?" मी म्हटलं, ज्याची बोट त्याचं. त्यांनी कपाटातून व्हर्नियर काढला, स्वतःच्या बोटाची जाडी मोजली आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवली. मग आम्ही कासारवाडीला गेलो. टर्नबकल उलटं फिरवताना त्यांचा हात जड झाला होता, हे मी पाहिलं. आयुष्यभर कसत आलेल्या माणसाला सोडायला सांगणं म्हणजे काय, ते मला त्या वेळी कळलं. थोडं फिरवायचे, थांबायचे, डोलकाठीला गाल लावून वर बघायचे, ती सरळ आहे ना म्हणून. आणि मग आपोआप, कोणी हात न लावता, बिजागरीवर पुन्हा बसवलेलं ते दार हळूच उघडलं. रहिमानभाई बाबांना म्हणाले, "अर्जुनभाऊ, बोटीनं श्वास सोडला."

तुमच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी तेव्हा वाचून दाखवला नव्हता. शीड वर चढवायची उभी दोरी किती ताणायची याचं तुम्ही लिहिलं होतं: शिडाच्या पुढच्या कडेवर आडव्या सुरकुत्या दिसल्या तर थोडी ओढा, उभी घडी पडली तर थोडी सोडा. त्याखाली तुम्ही लिहिलंत की डोलकाठीच्या बुडाशी एक कप्पी लावून ती दोरी मागे, सुकाणूजवळ, डाव्या हाताला आणा, म्हणजे बाबांना उजव्या खांद्यावर जोर द्यावा लागणार नाही.

भाऊजी, खांद्याबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. बाबा तर तो दुखतो हे घरातही कबूल करत नाहीत. तुम्ही शाळेत असताना त्याला तेल लावायचात, एवढंच मला आठवतं.

तो परिच्छेदही मी श्लोकात घातला, शब्दाला शब्द. गाळायचा विचार मनात आला होता. पण संपादकाने मूळ पाठात काटछाट करू नये, असं आम्हाला शिकवलेलं आहे.

बाबांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. या वेळी टॉलरन्स विचारला नाही. दुसऱ्या दिवशी कप्पी आणली. डावीकडे बसवली.

निशिगंधा

निगडी
सोमवार, २३ डिसेंबर

भाऊजी,

काल गेलो. सकाळी धुकं होतं, दुपारपर्यंत वारा धरला. बोटीवर बाबा, रहिमानभाई आणि मी, तिघांनीही ते नारिंगी जाकीट घातलेलं. त्यात मी कशी दिसते यावर तुमच्या दादांनी जे मत दिलं ते लिहिण्याजोगं नाही. सासूबाई काठावर राहिल्या. म्हणाल्या, "आमी न्हाई. दारावर इस्वास न्हाई माझा." सोपानराव टेम्पो घेऊनच आले होते, ड्रायव्हरसकट.

बाबांनी डाव्या हाताने दोरी ओढली. शीड चढलं. पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या दिसल्या, त्यांनी थोडं ओढलं. उभी घडी उमटली, थोडं सोडलं. दोन्ही नाहीशा झाल्या तिथे थांबले. मग रहिमानभाईंच्या हातात शीड आवळायची-सोडायची दुसरी दोरी दिली, आणि बाबांचे डोळे त्या रेशमी धाग्यांवरून हलले नाहीत. धागा कडेमागे लपला की ते हातानेच इशारा करत आणि दोरी वीतभर पुढे जाई. बोट कलली, पाण्याचा आवाज बदलला. वाऱ्याच्या पाठीकडची तार ढिली पडली. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी तारेकडे पाहिलं, पाना ठेवला होता त्या खिशाकडे हात गेला, आणि तो हात त्यांनी गुडघ्यावर ठेवला.

तुंगच्या पायथ्याशी खडकाला पात्याचा स्पर्श होऊ न देता वळलो. त्या वळणावर रहिमानभाई म्हणाले, ताडपत्री शिवताना मी वाऱ्याशी भांडत होतो, आज ओळख झाली. परतीच्या निम्म्या वाटेवर, नजर शिडावरून न काढता, बाबांनी मला विचारलं.

"सूनबाई, तुझ्या त्या ग्रंथकाराचं नाव काय म्हणालीस?"

"अज्ञात आहे, बाबा."

"अज्ञात." त्यांनी सुकाणू किंचित हलवलं. "शिडाचं त्याला कळतं, बरोबर. दाराचं कळतं, तेही समजू. माझा उजवा खांदा त्याला कोणी सांगितला?"

मी म्हटलं, पाठभेद असेल.

रहिमानभाई पाण्याकडे बघायला लागले. बाबांनी इशारा करून दोरी वीतभर सोडायला लावली. मग म्हणाले, "हाताला चव आहे त्याच्या." हे ते कोणाबद्दल म्हणाले, तुम्हाला कळलंच असेल. टूलरूममध्ये त्यांनी हे किती जणांना म्हटलं, ते बाबांनीच कधी चहावर रहिमानभाईंना सांगितलं होतं, आणि त्यांनी मला नंतर. कोणालाच नाही.

काठ जवळ आला तसा वारा मागून येऊ लागला आणि ती आडवी काठी एकदम या बाजूची त्या बाजूला गेली. आम्ही सगळे वेळेवर वाकलो, पण रहिमानभाईंची टोपी धरणात राहिली. सोपानराव वाट बघत होते. बाबांनी उतरून त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, राव, तुम्ही फायबरची करून घ्या, त्यात जागाही जास्त होईल. सोपानराव भला माणूस. त्यांनी टेम्पोच्या ड्रायव्हरलाच बोटीसोबत फोटो काढायला लावला आणि गेले.

शीड उतरवून आम्ही घडी घालत होतो. एका टोकाला बाबा, दुसऱ्याला मी, साडीची घालतात तशी. ते म्हणाले, "त्याला विचार, वारा मागून आला की ती काठी डोक्यावरून फिरते, तिचं काय करायचं."

मी म्हटलं, विचारते. ग्रंथात शोधते.

"श्लोकात नको," बाबा म्हणाले. "मला संस्कृत कळत नाही." घडी माझ्या हातात देऊन ते पिशवीचं तोंड उघडून उभे राहिले. "रविवारी विचार. या रविवारी मी झाडांना सकाळीच पाणी घालून टाकीन."

तेव्हा भाऊजी, कॉल नेहमीच्याच वेळी लावा. उत्तर तयार ठेवा, गद्यात.

निशिगंधावहिनी